क्रीब गोखच्या धारेवरून स्नोडन: कुठे थांबायचं, कुठे वळायचं, कुठे हात धरायचा

मे महिना उजाडला की इंग्लंडातल्या मराठी ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "स्नोडनला क्रीब गोखवरून जाऊ का? हरिहर, कलावंतीण झालेत आमचे." उत्तर 'जा' असं असू शकतं, पण हरिहर झालाय म्हणून नाही. हरिहरच्या पायऱ्यांना बोटं अडकवायला खोबण्या कोरलेल्या आहेत. क्रीब गोखवर खोबणी नाही, साखळी नाही, रेलिंग नाही, दगडावर रंगवलेला बाणही नाही. पाय कुठे ठेवायचा हे दर पावलाला आपलं आपण ठरवायचं.

उत्तर वेल्समधल्या स्नोडन शिखराकडे नेणाऱ्या या धारेचा दर्जा 'ग्रेड १ स्क्रॅम्बल', म्हणजे हात लावून चढायच्या वाटांमधला सर्वांत सोपा. त्या 'एक'वर विसंबूनच लोक फसतात. हालचाल किती अवघड आहे एवढंच तो आकडा सांगतो. पाय सुटला तर काय, याबद्दल तो गप्प असतो.

आधी नावं, कारण पाट्या वेल्श भाषेत आहेत. स्नोडनचं मूळ नाव अर विद्वा, उंची १०८५ मीटर. राष्ट्रीय उद्यान २०२२ पासून हेच नाव वापरतं. 'क्रीब गोख' म्हणजे लाल धार, उंची ९२३ मीटर. 'बुल्ख' म्हणजे खिंड. 'बुल्ख अ मोख' म्हणजे चक्क डुकरांची खिंड, आणि ही खिंड लक्षात ठेवा. खरा निर्णय तिथे घ्यायचा असतो.

खाली लिहिलंय ते बर्फ नसलेल्या दिवसांसाठी. बर्फ असेल तर आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी दात) लागतात, आणि ते वापरायचं शिक्षण लागतं. तो वेगळा विषय आहे.

१. घरी बसून: कोणी जायचं

आधी दृष्टिभयाचा, म्हणजे खोल दरी दिसली की वाटणाऱ्या भीतीचा, हिशेब करा. गच्चीच्या कठड्यावरून खाली बघता येतं, ही काही परीक्षा नव्हे. दोन्ही बाजूंना दरी आहे, वारा आहे, मागे चार अनोळखी माणसं ताटकळली आहेत, अशा वेळी एकेक पाय शांतपणे उचलता येतो का, ते बघायचं असतं.

हे तपासायला मधली पायरी घ्या. लेक डिस्ट्रिक्टमध्ये हेल्व्हेलिनला जाणारी स्ट्रायडिंग एज चांगली, कारण तिथे बऱ्याच ठिकाणी माथ्याच्या किंचित खालून सोपी वाट आहे. किंवा क्रीब गोखच्या शेजारच्या खोऱ्यातल्या ट्रव्हॅनची उत्तर धार. तीही ग्रेड १, पण तिथे कातळात घुसून चढायचं असतं, सुरीच्या पात्यावर चालल्यासारखं वाटत नाही. यातलं काहीच न करता थेट क्रीब गोखला जाणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी विहिरीच्या मधोमध उडी मारणं.

ग्रुप किती मोठा? माझं मत स्पष्ट आहे: धार आधी केलेल्या एका माणसामागे जास्तीत जास्त तीन नवखे. माझ्या पहिल्या खेपेला आम्ही नऊ जण होतो आणि धार आधी केलेला एकही नव्हता. सर्वांत पुढच्याला वाटलं सगळे येताहेत. सर्वांत मागच्याला वाटलं पुढचे थांबलेत. मधली ताई एका कातळटप्प्यावर वीस मिनिटं अडकली होती, हे दोघांनाही कळलं नाही. वाऱ्यात दहा फुटांवरची हाक ऐकू येत नाही.

इथे तपासा: ग्रुपमधल्या कोणाला "मला नको वाटतंय" असं म्हणायचा संकोच वाटतोय का? जोडीदाराच्या किंवा साहेबाच्या आग्रहाने कोणी येत असेल तर त्याच्याशी आदल्या दिवशी एकट्याने बोला. सगळ्यांसमोर तो 'हो'च म्हणणार.

२. दिवस निवडणं

फोनमधलं नेहमीचं हवामान इथे कुचकामी, कारण ते गावाचं असतं. 'माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस' आणि मेट ऑफिसचा डोंगरांसाठीचा अंदाज, असे दोन्ही बघा. त्यात ९०० मीटरवरचा वारा, ढगाचा तळ आणि पावसाची वेळ स्वतंत्र दिलेली असते.

माझे नियम असे:

वाऱ्याचे झोत ताशी ४० किलोमीटरच्या वर असतील तर धार रद्द. तेवढ्या वाऱ्यात सपाटीवर छत्री उलटी होते. धारेवर पाठीवरची सॅक शिडासारखी भरते. दिशाही बघा. धार साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि उत्तरेचा कडा जवळजवळ सरळ तुटलेला. दक्षिणेचा झोत माथ्यावर उभ्या माणसाला थेट त्या बाजूला ढकलतो.

ढगाचा तळ ९०० मीटरच्या खाली असेल तर पहिल्या खेपेला नको. धारेच्या शेवटी सुळके आहेत, त्यांच्यापाशी वाट डोळ्यांनी शोधावी लागते.

पाऊस पडून गेला असेल तर कातळ वाळायला वेळ द्या. क्रीब गोखच्या परिसरात वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या घाटमाथ्याच्या तोडीचा. फरक एवढाच की तो चार महिन्यांत न पडता बारा महिने रिपरिपतो. 'पावसाळा संपला की जाऊ' हे गणित इथे चालत नाही.

आठवडाभर आधी हॉटेल बुक केलेलं असतं, गाडी भाड्याने घेतलेली असते, आणि मग "आता आलोच आहोत तर" सुरू होतं. म्हणून पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवा: धार नाही तर पिग ट्रॅक या साध्या पायवाटेने माथा. सुरुवात तीच, माथा तोच, हॉटेलचे पैसेही वाया जात नाहीत.

३. सामान

बूट घोट्यापर्यंत हवेत असं नाही. तळ मात्र ताठ हवा, टोकावर उभं राहिलं तर वाकायला नको. रनिंगचे मऊ बूट नकोत. पातळ, पकड असलेले हातमोजे घ्या, कारण जूनमध्येही सकाळचा कातळ बोटं बधिर करतो आणि बधिर बोटांना होल्ड, म्हणजे कातळावरची पकड, कळत नाही. हेल्मेट घ्या. आपल्या पडण्यापेक्षा वरच्याच्या पायाखालून सुटलेल्या दगडासाठी ते जास्त लागतं. हेडटॉर्च, शिट्टी, ऑर्डनन्स सर्व्हेचा 'ओएल १७' नकाशा, एक जादा उबदार थर.

सॅक अंगाला घट्ट बसणारी हवी, बाहेर काही लोंबकळता कामा नये. बाजूच्या खिशातली बाटली वाकताना निसटते आणि खालच्या माणसाच्या डोक्याकडे जाते. काठ्या घडी होऊन सॅकच्या आत जाणाऱ्याच घ्या.

सह्याद्रीतून आणलेल्या दोन सवयी इथे अंगाशी येतात. एक म्हणजे पॉन्चो. भर पावसात राजमाचीच्या वाटेवर तो बरा, पण इथे वाऱ्याने तोंडावर उलटतो आणि पाय कुठे ठेवतोय तेच दिसत नाही. जॅकेट आणि पॅन्ट असा दोन तुकड्यांचा रेनसूट घ्या. दुसरी सवय म्हणजे 'वर काहीतरी मिळेल'. माथ्यावर कॅफे आहे, पण तो बंद असतो तेव्हा पाण्याचा नळही नसतो. दोन लिटर पाणी आणि दशम्या-चटणी सोबत असू द्या. दशमी एका हाताने खाता येते, सँडविचसारखी विस्कटत नाही.

४. पेन-अ-पासला पोचणं

सुरुवात पेन-अ-पासच्या खिंडीतून, उंची ३५९ मीटर. इथलं पार्किंग हंगामात ऑनलाइन आधी बुक करावं लागतं. नसेल तर खाली नांट पेरिसला गाडी लावून 'शेर्पा' बसने वर या. रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका, उचलून नेतात.

धारेवरून माथा गाठून परत यायला नवख्यांना सात-आठ तास लागतात. अंतर दहा-अकरा किलोमीटरच आहे, पण धारेवर घड्याळ वेगळं चालतं. आठला चालायला लागा. ऑक्टोबरच्या मध्याला सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, तेव्हा उशिरा निघालेल्यांना उतरताना अंधार गाठतो.

५. पिग ट्रॅकने डुकरांच्या खिंडीपर्यंत

पेन-अ-पासवरून दोन वाटा निघतात. रुंद, गाडीरस्त्यासारखी सपाट वाट म्हणजे माइनर्स ट्रॅक. ती परतीची. दगडी पायऱ्यांची, सुरुवातीपासून चढणारी वाट म्हणजे पिग ट्रॅक. ही धरा. पाऊण ते एक तासात बुल्ख अ मोख येते, उंची सुमारे ५७० मीटर. समोर खाली लिदाउचं लांबट तळं उलगडतं आणि सगळे फोटोला थांबतात. तुम्हीही थांबा, पण काम वेगळं आहे.

इथे वाट फुटते. पिग ट्रॅक डावीकडून, धारेच्या पोटातून आडवा पुढे जातो. उजवीकडे वर चढते ती क्रीब गोखची वाट. या जागी दरवर्षी लोक चुकतात. 'पिग ट्रॅकने माथा' ठरवलेली कुटुंबं पुढच्या घोळक्यामागून उजवीकडे लागतात आणि लेकराबाळांसह कातळावर जाऊन पोचतात.

इथे तपासा (पिग ट्रॅकवाल्यांसाठी): सतत हात टेकून चढावं लागतंय? मग तुम्ही पिग ट्रॅकवर नाही. लगेच उलटे फिरा.

इथे तपासा (धारवाल्यांसाठी): माथ्याकडे बघा. धार दिसतेय का? कातळ कोरडा आहे का? हात वर करून उभे राहा, वारा हलवतोय का? इथे हलवत असेल तर साडेतीनशे मीटर वर तो तुम्हाला उभं राहू देणार नाही. तिन्ही उत्तरं पटली तरच उजवीकडे.

एवढा वेळ या एका खिंडीवर घालवतोय, कारण यानंतर मागे वळणं दर पावलाला महाग होत जातं. पुढचा कातळ चढताना डोळ्यांसमोर असतो. उतरताना तोच पायाखाली जातो आणि होल्ड दिसत नाहीत. 'थोडं वर जाऊन बघू, नाही जमलं तर उतरू' हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो, प्रत्यक्षात लोक त्यानेच अडकतात.

निघण्यापूर्वी काठ्या आत, सॅकचे पट्टे आवळलेले, बुटाच्या नाड्यांची टोकं खोचलेली, खाणं झालेलं, लघवी झालेली. पुढचे दोन तास यातलं काहीही आरामात करायला जागा नाही.

६. पूर्वेची चढण

आधी पायवाट, मग मोठे दगड, मग हात लावायचा कातळ. वाट ओळखायची खूण एकच: घासून पांढरट झालेला दगड. हजारो बुटांनी आणि हिवाळ्यातल्या क्रॅम्पॉनच्या दातांनी त्यावर ओरखडे काढलेत. ओरखडे संपले, शेवाळं आणि गवत सुरू झालं, की वाट चुकली. शेवटच्या ओरखड्यापर्यंत परत या.

मध्ये एक उभट टप्पा लागतो. बहुतेक जण इथेच पहिल्यांदा अडतात. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, एकच हलवायचा. होल्ड आधी थापटून बघा, पोकळ आवाज आला तर सोडा. गुडघा टेकू नका. गुडघ्यावर गेलेला माणूस तिथून उठताना तोल घालवतो.

सावध: पुढचा माणूस टप्प्याच्या वर पोचेपर्यंत खाली थेट त्याच्या रेषेत उभे राहू नका. दगड सुटला तर मराठीत नाही, इंग्रजीत ओरडा: "बिलो!" खाली कोण आहे तुम्हाला माहीत नसतं.

या टप्प्यावर कोणाचे पाय लटपटायला लागले, बोलणं बंद झालं, किंवा हसू जरा जास्तच येऊ लागलं, तर परतायची ही शेवटची बरी जागा. धार आधी केलेला माणूस त्याच्या खालच्या बाजूला राहून, पाय कुठे ठेवायचा ते सांगत उतरवेल.

७. धार

चढण संपते आणि समोर धार पसरते. लांबी अर्धा किलोमीटरही नाही, पण अर्धा ते दीड तास घेते.

नव्या माणसाची चूक ठरलेली: तो माथ्यावरून दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा चालायला जातो, कारण समोर कोणीतरी तसं चाललेलं असतं. तसं करू नका. माथ्याच्या डाव्या, म्हणजे दक्षिणेच्या अंगाला, कमरेइतकं खाली उतरा. पाय तिथल्या कंगोऱ्यांवर, हात माथ्याच्या दगडांवर. अख्खी धारच तुमचं रेलिंग होते. उजवीकडचा सरळ कडा आपोआप धारेच्या पलीकडे जातो.

बारकावा असा की शरीर कातळाला चिकटवायचं नाही. भीतीने माणूस पोट दगडाला लावतो, मग त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि बुटाचा तळ कंगोऱ्यावरून बाहेर सरकतो. कंबर थोडी बाहेर, टाच किंचित खाली, डोळे पुढच्या दोन पावलांवर.

अगदीच उभं राहवेना तर घोड्यावर बसल्यासारखं धारेवर बसा आणि हातांवर भार घेत सरका. आमच्यातल्या एकाने पहिली पन्नास पावलं अशीच काढली. पॅन्ट मागून फाटली, माणूस धड पोचला. त्या फाटक्या पॅन्टचा फोटो अजून ग्रुपच्या डीपीवर आहे.

समोरून कोणी आलं तर रुंद जागा बघून थांबा आणि त्यांना जाऊ द्या. मागून घाई करणाऱ्यांनाही. फोटो काढायचा तर आधी बसा, एक हात दगडावर ठेवा, मगच फोन बाहेर.

८. तीन सुळके

धारेच्या शेवटी तीन सुळके उभे आहेत. थकवा आलेला असतो, 'संपत आलं' असं वाटत असतं, आणि वाट मात्र इथेच सर्वांत कमी स्पष्ट आहे.

सुळक्यांना डावीकडून वळसा घालता येतो, पण वळसा छोटाच हवा. माथ्याच्या जवळ राहा आणि ओरखडे धरून चला. नवखा माणूस उंची टाळण्यासाठी डावीकडे खाली-खाली जातो, आणि वीस-तीस मीटरवर घसारा, सुटे दगड, मध्येच तुटलेला कडा अशा ठिकाणी पोचतो. तिथून वरही जाववत नाही, खालीही नाही. खाली पिग ट्रॅकवरची माणसं दिसत असतात, म्हणून 'सरळ उतरून जाऊ' हा मोह होतो. दिसतं ते जवळ नसतं.

शेवटच्या सुळक्यापाशी मधल्या खाचेत आलात की कातळ उभा आणि भीतिदायक दिसतो. हात लावल्यावर कळतं, होल्ड पायऱ्यांसारखे आहेत. तो चढून जाणं हे डावीकडे खाली भटकण्यापेक्षा कितीतरी बरं.

इथे तपासा: डोकं माथ्याच्या पातळीपासून दोन माणसांच्या उंचीपेक्षा जास्त खाली गेलं का? मग थांबा, मागे फिरा, वर या.

९. बुल्ख कोख ते गार्नेद इगाइन

सुळके उतरले की गवताळ खिंड लागते. बसा, खा, माणसं मोजा. बरेच जण इथे 'झालं' समजून सैल पडतात. पुढे गार्नेद इगाइन आहे, १०६५ मीटर, आणि त्यावर जाताना अधूनमधून अजून हात लावावे लागतात. मात्र क्रीब गोखसारखं एक्स्पोजर, म्हणजे बाजूला उघडी दरी, नाही, आणि जमिनीला रुंदी आहे. माथ्यावर सर्व्हेचा खांब दिसतो. तिथून उतरत बुल्ख ग्लासला या. उभा रोवलेला मोठा दगड आणि रेल्वेचे रूळ दिसले की धार संपली.

१०. माथा आणि परत

रुळांच्या कडेने दहा-पंधरा मिनिटांत अर विद्वाचा माथा. सुट्टीच्या दिवशी शेवटच्या चबुतऱ्यावर चढायला रांग असते. रांगेत अंग थंड पडतं, जॅकेट आधीच घाला. सीगल पक्षी हातातली दशमी पळवतात, हे थट्टेने लिहीत नाही. आगगाडीने उतरायचा बेत आयत्या वेळी करू नका, जागा मिळेलच असं नाही.

उतरताना पुन्हा बुल्ख ग्लासच्या उभ्या दगडापाशी या आणि तिथून उजवीकडे नागमोडी वाटेने खाली उतरा. धुक्यात हा दगड चुकला आणि रूळ धरून तसेच गेलात तर लॅनबेरिसला, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतराल. गाडी पेन-अ-पासला, तुम्ही भलतीकडे.

नागमोडी उतार संपला की पिग ट्रॅक सरळ जातो आणि माइनर्स ट्रॅक उजवीकडे ग्लासलिन तळ्याकडे उतरतो. तळ्यापर्यंतचा उतार सुट्या दगडांचा आणि गुडघ्यांची परीक्षा बघणारा आहे, पण त्यानंतर तांब्याच्या जुन्या खाणींवरून, लिदाउच्या काठाने, थेट पेन-अ-पासपर्यंत रुंद रस्ता. थकलेल्या पायांना मी हीच वाट सुचवतो. क्रीब गोखवरून परत मात्र उतरू नका, कितीही सोपी वाटली तरी.

अडकलात तर

९९९ किंवा ११२ लावा, आधी "पोलीस" मागा, मग "माउंटन रेस्क्यू". थेट रेस्क्यूला फोन लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. फोनची रेंज भरवशाची नाही, म्हणून घरून निघतानाच ९९९ या क्रमांकावर 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत एसएमएस करून नोंदणी पूर्ण करा. मग बोलणं होत नसेल तरी संदेश जाऊ शकतो. शिट्टीची खूण: एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. उत्तर आलं तरी तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत वाजवत राहा.

रेस्क्यूवाले स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत. खर्चाच्या धास्तीने फोन लांबवू नका. धारेवर अडकलेला माणूस बसून राहिला, उबदार थर घातला, तर त्याला सोडवता येतं. अंधार पडताना 'प्रयत्न करून बघतो' म्हणत खाली सरकलेल्याला शोधावं लागतं.